थापाडेबुवांचं बेट : ‘युटोपिया’ थट्टा म्हणून वाचायचं की आराखडा म्हणून?

पानपुडी (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मागच्या दिवाळीत रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात थॉमस मोर या इंग्रज लेखकाच्या ‘युटोपिया’ची, म्हणजे एका काल्पनिक बेटाच्या हकीकतीची, इंग्रजी प्रत ऐंशी रुपयांना मिळाली. आधीच्या मालकाने ती पेन्सिल हातात घेऊन वाचलेली आहे. रोज सहाच तास काम, असं येतं तिथे समासात ‘वा!’. घरांना कुलपं नाहीत, तिथे ‘आपल्याकडे कधी?’. गुलामांचं प्रकरण मात्र स्वच्छ कोरं. हा माणूस मला ओळखीचा वाटला, कारण बी.ए.ला मीही ते असंच वाचलं होतं. म्हणजे वाचलं नव्हतंच. गाईडातलं ‘मोर याने आदर्श राज्याची कल्पना मांडली’ हे वाक्य पाठ करून पाच मार्क घेतले होते.

यावेळी तळटीपांपासून सुरुवात केली आणि पहिल्याच टीपेला अडखळलो. या बेटाची सगळी हकीकत सांगतो तो राफाएल हिथ्लोडेयस नावाचा दर्यावर्दी. आडनाव ग्रीक आहे. ‘हिथ्लोस’ म्हणजे वायफळ बडबड, आणि ती वाटत फिरणारा तो हिथ्लोडेयस. राफाएल हा तर बायबलच्या कथेत आंधळ्याला दृष्टी मिळवून देणारा देवदूत. आता मराठी करा : देवदूत थापाडे.

एकदा हे दिसलं की पुढे थांबता येत नाही. राजधानी अमॉरोट, म्हणजे अंधुकनगर. तिच्या अंगाने वाहणारी नदी अनायडर, म्हणजे निर्जला. राज्याचा प्रमुख आडेमस, म्हणजे ज्याला प्रजाच नाही असा. शेजारी राहणारे अकोरियन, म्हणजे बिनभुईचे. बेटाचं नाव तर ‘ठिकाणच नाही’. पुस्तकाच्या सुरुवातीला एक छोटी कविता आहे, तिच्यात हे बेट स्वतःच म्हणतं की मला खरं तर ‘सुस्थान’ म्हणायला हवं. ग्रीकमध्ये दोन्हींचे उच्चार जवळजवळ सारखे. कवीचं नाव अनेमोलियस, म्हणजे वाऱ्यावरचा.

आणि थापाड्यांचा श्रोता कोण? खुद्द मोर, पुस्तकात पात्र होऊन बसलाय. लॅटिनमध्ये तो मोरुस, आणि ग्रीकमध्ये ‘मोरोस’ म्हणजे मूर्ख. त्याचा जिवलग मित्र इरॅस्मस याने १५११ साली याच कोटीवर अख्खं पुस्तक बेतलं होतं. मराठीला तर अनुवादाचेही कष्ट नाहीत. मोरू! म्हणजे पाचशे वर्षं जगाने ज्यावर माथेफोड केली तो ग्रंथ म्हणजे थापाडे आणि मोरू यांच्या गप्पा.

आता माझा खरा मुद्दा. पुस्तक १५१६ मध्ये लूव्हाँला लॅटिनमध्ये छापलं गेलं. बेटाचं वर्णन असलेला दुसरा भाग मोरने आधी लिहिला, १५१५ मध्ये फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात असताना. पहिला भाग नंतर लंडनला परतल्यावर. हा पहिला भाग लोक घाईने उरकतात, आणि माझ्या मते राजकीय उपहासाचा सगळा ऐवज तिथेच आहे.

प्रसंग असा. कार्डिनल मॉर्टनच्या घरची पंगत. (मोर पोरवयात याच घरात वाढपाला होता.) एक वकील कौतुकाने सांगतोय की इंग्लंडात चोरांना कसं धडाधड फाशी देतात, कधी कधी एकाच वधस्तंभावर वीस-वीस. आणि त्याच दमात म्हणतो, तरी देशात इतके चोर कसे, हे काही कळत नाही बुवा. थापाडे त्याला ऐकवतो की आधी तुम्ही चोर घडवता आणि मग त्यांना लटकवता. लोकरीला भाव आला म्हणून बड्या लोकांनी शेतं कुंपणात घेतली, गावं उठवली, चर्च तेवढं ठेवलं, तेही मेंढ्या कोंडायला. तुमची मेंढरं एवढी गरीब, थोडक्यात भागणारी. आता माणसं खायला लागलीत! मग तो सुचवतो की चोरांना मारू नका, कामाला लावा. पॉलिलेराइट लोक तसंच करतात. (नावाचा अर्थ : पोतंभर बडबड.) वकील मान हलवतो, असं केलं तर देश बुडेल. पंगत माना डोलावते. तेवढ्यात कार्डिनल शांतपणे म्हणतात, करून बघायला काय हरकत आहे? झालं! मघाचीच तोंडं आता त्याच सूचनेची वाहवा करू लागतात. त्यातही भटक्यांविषयीचा जो तुकडा कार्डिनलनी जाता जाता स्वतः जोडला, त्याची सगळ्यात जास्त.

थापाडे ही गोष्ट कशासाठी सांगतो? राजाच्या पदरी राहून शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही, हे पटवायला. पण त्याच्याच गोष्टीत वर बसलेला माणूस ऐकतो की! दाखला उलटा पडलाय आणि थापाड्यांना पत्ता नाही. मोरूने तो मुद्दाम पडू दिलाय, असं मला वाटतं. हे लिहिताना मोर स्वतः राजाची चाकरी धरावी की नाही या विवंचनेत होता. थोड्याच दिवसांत आठव्या हेन्रीच्या सल्लागारांत गेला, पुढे चॅन्सेलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री झाला, आणि १५३५ च्या जुलैत त्याच राजाच्या हुकमाने मान गमावून बसला.

तर सांगा. ज्याच्या तोंडी घातलंय तोच थापाड्या ठरवलाय, अशा पुस्तकाला ‘आदर्श राज्याची कल्पना’ म्हणायचं का?

बोरूबहाद्दर

पहिला! वाचनखूण साठवली आहे. मोरूवर हसतोय अजून. सावकाश लिहितो.

गिरणगावकर

पानपुडी, लेख झकास, पण निष्कर्षाला सक्त हरकत. कोट्या आहेत म्हणून सगळंच कोटी, हा पळपुटेपणा झाला. आमच्याकडे एखादा शाहीर सोंग घेऊन मालकाला चार शिव्या हासडायचा, तेव्हा सोंग खोटं आणि शिवी खरी असायची.

पुस्तकाचा शेवट बघा. थापाडे म्हणतो, मला जगातली कुठलीही राज्यव्यवस्था दाखवा, मला ती श्रीमंतांनी आपलं भलं करून घ्यायला केलेला कटच दिसतो, वर नाव मात्र सार्वजनिक हिताचं. हे थट्टेतलं वाक्य आहे? काउट्स्की या समाजवादी विचारवंताने १८८८ मध्ये मोरवर पुस्तक लिहून त्याला समाजवादाच्या पूर्वजांत बसवलं ते उगीच नाही. मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीलगतच्या बागेत रोमानोव्ह घराण्याच्या तीनशे वर्षांचा एक स्तंभ होता. १९१८ मध्ये त्यावरची राजांची नावं काढून क्रांतिकारी विचारवंतांची कोरली, त्यांत मोर आहे. म्हणजे होता. २०१३ मध्ये परत राजे आले.

आणि एक बोच राहून गेली तुमच्या लेखात. मोर १५१५ मध्ये फ्लँडर्सला गेला तो सहलीला नव्हे. लोकर आणि कापडाच्या व्यापाराच्या वाटाघाटी करणाऱ्या शिष्टमंडळात होता तो. दिवसा मेंढरांच्या बाजूने बोलायचं आणि रात्री मेंढरं माणसं खातात म्हणून लिहायचं! असा माणूस गंमत म्हणून लिहीत नसतो.

पाडव्याला ओवाळताना आमची आजी म्हणायची, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ बळीच्या राज्यात सातबारा कसा असेल हे तिला कोणी विचारलं नाही.

शेवग्याची शेंग

बळीच्या राज्यात स्वयंपाक कोण करायचं, हेही आजीला कोणी विचारलं नसेल गिरणगावकरदादा.

मी हे पुस्तक आराखडा म्हणूनच वाचलं, आणि म्हणूनच वैतागले. तीस-तीस कुटुंबांची एकत्र जेवणघरं आहेत, उत्तम. रांधतं कोण? पाळीपाळीने त्या कुटुंबांतल्या बायका. घाणीची, अंगमेहनतीची कामं गुलामांकडे. जनावरं कापायचं काम तर नागरिकांनी करायचंच नाही, कारण त्याने मनातली दया मरते म्हणे. मग गुलामांच्या दयेचं काय? महिन्याच्या शेवटच्या सणाला देवळात जाण्याआधी बायकांनी घरी नवऱ्यापुढे गुडघे टेकून चुका कबूल करायच्या. नवऱ्याने कोणापुढे टेकायचे ते लिहिलेलं नाही.

सहा तास काम ऐकून ‘वा!’ लिहिणाऱ्या त्या पेन्सिलवाल्याला सांगा : परवान्याशिवाय आपल्या भागाबाहेर गेलास तर फरारी म्हणून धरून आणतील, आणि दुसऱ्यांदा गेलास तर थेट गुलाम. परवान्यावर परतीची तारीखसुद्धा असते.

एकच गोष्ट मनापासून आवडली. तिथे अंडी कोंबडीखाली न ठेवता ऊब देऊन उबवतात, त्यामुळे पिल्लं बाहेर आल्यावर माणसांनाच आई समजून मागे मागे फिरतात. ही ओळ लिहिताना मोर नक्की हसला असणार.

तिसरी घंटा

शेवग्याताईंना शंभरपैकी शंभर. पण मी नाटकवाला, मला हे सगळं रंगमंचावर दिसतं, आणि रंगमंचावर एखादं पात्र बोललं म्हणजे लेखक बोलला असं आम्ही धरत नाही.

सोन्याचा प्रवेश अजून कोणी कसा काढला नाही? युटोपियात सोन्याची किंमत लोखंडापेक्षा कमी. त्यामुळे शौचपात्रं सोन्याची, गुलामांच्या बेड्या सोन्याच्या, गुन्हेगाराच्या कानात, बोटांत, गळ्यात सोनं. मोती आणि रत्नं लहान मुलांना खेळायला, जरा मोठी झाली की लाजून आपणच टाकून देतात. अशा गावात अनेमोलियाचे तीन वकील, म्हणजे राजदूत, शंभर माणसांचा लवाजमा घेऊन येतात. जरीचे कपडे, गळ्यात जाड साखळ्या, टोपीवर मोती. रस्त्यावरचे लोक साध्या कपड्यातल्या नोकरांना मुजरे करतात आणि राजदूतांना गुलाम समजून सोडून देतात. साखळ्यांकडे बघून काहीजण नाक मुरडतात, एवढ्या बारीक साखळीला गुलाम सहज तोडून पळेल! आणि एक पोरगं आईला कोपराने ढोसतं, आई, तो एवढा घोडा झालाय तरी मोती घालून फिरतोय बघ. आई दटावते, गप रे, तो राजदूतांबरोबरचा विदूषक असेल.

हा प्रवेश कुठल्याही काळात लावा, हशा ठरलेला. आता शेवटच्या पडद्याचा संवाद ऐका. थापाडे बोलून थकतो. मोरू मनात म्हणतो, यांचे पुष्कळ कायदे विचित्रच वाटतात. सगळ्यात म्हणजे पैशाशिवाय सामाईक जगणं, कारण त्याने खानदानीपणा, डामडौल, वैभव, ऐश्वर्य सगळंच बुडतं, आणि राज्याची खरी शोभा तर त्यातच असते, ‘असं लोकमत आहे’. हे शेवटचं शेपूट लॅटिनमध्ये चार शब्दांचं. डामडौलाचं शौचपात्र करून दाखवल्यावर मोरू म्हणतो, पण लोकांना डामडौल लागतो ना! नटाने हे वाक्य भाबडेपणाने टाकायचं की डोळा मारून? दोन्हींत जमतं. मी असतो तर अगदी सरळ चेहऱ्याने टाकलं असतं. मग मोरू थापाड्यांचा हात धरून त्यांना आत जेवायला घेऊन जातो. पडदा.

पानपुडी

वा घंटाबुवा! ‘सरळ चेहऱ्याने’ हे पटलं. मोर आणि इरॅस्मस यांनी मिळून लुकियनच्या ग्रीक उपहासकथा लॅटिनमध्ये आणल्या होत्या, १५०६ मध्ये पॅरिसला छापल्या. सरळ चेहऱ्याची तालीम तिथेच झाली.

गिरणगावकर, तुमची मेंढराची गोष्ट लागली. मी चूक कबूल करतो, गुडघे न टेकता. थट्टा आहे म्हणजे मनापासूनचं नाही, असं मला म्हणायचं नव्हतं, पण लेखात ते तसं उमटलंय. पण मग ताईंच्या मुद्द्याचं काय करायचं? सोनं शौचपात्राला लावणारे हेच लोक लढाई आली की तेच सोनं देऊन झापोलेट नावाचे भाडोत्री लढवय्ये आणतात (अर्थ : विकाऊ), आणि ते कितीही मेले तरी फिकीर करत नाहीत. हा आराखड्यातला दोष, की वाचणाऱ्याला लावलेला चिमटा?

सोनचाफा_मेक्सिको

पहिल्यांदाच लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं मेक्सिको सिटीत आहोत.

हे पुस्तक कोणी खरंच आराखडा म्हणून वापरलं का, याचं उत्तर माझ्या खिडकीतून दिसतं. व्हास्को दे किरोगा नावाचा स्पॅनिश न्यायाधीश १५३१ मध्ये इथे आला. विजेत्यांनी स्थानिक लोकांची केलेली दैना पाहिली आणि ‘युटोपिया’ समोर ठेवून वसाहती उभारल्या. जमीन सामाईक, दवाखाना, धर्मशिक्षण, आणि काम दिवसाला सहा तास! हो, तेच सहा तास, त्याच्या नियमावलीत लिहिलेले आहेत. पहिली वसाहत सांता फे, मेक्सिको सिटीच्या बाहेर. दुसरी मिचोआकानमध्ये, तिथला तो पुढे पहिला बिशप झाला. तिकडचे पुरेपेचा लोक त्याला अजून ‘ताता व्हास्को’ म्हणतात. ताता म्हणजे वडील. आपल्या ‘तात’सारखंच ऐकू येतं, मला उगाच भरून आलं होतं.

त्याला ग्रीक कोट्या कळल्या नसतील असं नाही, शिकलेला माणूस होता. तरी त्याने बेट बांधायला घेतलं.

आता खिडकीबद्दल. आज सांता फे म्हणजे काचेचे टॉवर, बहुराष्ट्रीय कंपन्यांची ऑफिसं आणि भलामोठा मॉल. नवऱ्याचं ऑफिस तिथेच. सहा तासांत सुटत नाही.

गिरणगावकर

सोनचाफाताई, दंडवत. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. पानपुडी, आता बोला.

बोरूबहाद्दर

आलो परत. मधे जेवून घेतलं.

सगळे मेक्सिकोला गेलात, पण बुवा आपल्याकडेही येऊन गेलेत. पहिल्या भागात मोरचा मित्र पीटर गाइल्स मोरूला थापाड्यांची ओळख करून देतो ते नीट वाचा. हा थापाडे अमेरिगो व्हेस्पुची या दर्यावर्दीच्या चारपैकी शेवटच्या तीन सफरींत होता, मागे ठेवलेल्या चोवीस माणसांत राहिला, मग देशोदेशी हिंडत तॅप्रोबेनला, म्हणजे श्रीलंकेला पोचला, आणि तिथून कालिकतला! कालिकतच्या बंदरात त्याला पोर्तुगीज जहाजं मिळाली आणि तो घरी गेला. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा जेमतेम अठरा वर्षांपूर्वीची बातमी. आज कोणी चंद्रावरून परतीची गाडी मिळाली म्हणून लिहावं, तसं. खोट्या बेटाला खऱ्या बंदराची पावती जोडलीये.

अवांतर : बेटाच्या नावाचं मराठी मी ‘नगाव’ करणार होतो, म्हणजे गावच नाही. बायको म्हणाली, तिच्या माहेरी धुळ्याजवळ नगाव आहे आणि तिथे एसटी जाते. हलकेच घ्या.

शेवग्याची शेंग

नगाव! हे चालेल. ‘सुगाव’शी यमकही जुळतं.

पानपुडी, चिमट्याबद्दल विचारलंत. चिमटा असेलही. पण ज्याला चिमटा काढला तो लॅटिन वाचणारा पंडित. ज्याच्या बेड्या सोन्याच्या आहेत त्याला या विनोदातून काय मिळालं? सोन्याची बेडीही तेवढीच आवळते. मी मोरला वाईट ठरवत नाहीये. कोट्यांच्या नावाखाली त्याला सोडून देऊ नका, एवढंच.

पानपुडी

सोडत नाहीये. उलट एक गोष्ट सांगतो जी मला रात्री झोपू देईना. या बेटावर ज्याचा त्याचा धर्म ज्याला त्याला मोकळा. एकाने धर्मावरून फार आरडाओरड केली तर त्याला हद्दपार केलं, तेही गोंधळ घातला म्हणून. आणि मोर १५२९ ते १५३२ चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी म्हणून जिवंत जाळलं गेलं. याच मोरला चर्चने १९३५ मध्ये संत केलं आणि २००० मध्ये राजकारण्यांचे आश्रयदाते. मॉस्कोचा स्तंभ आणि रोमचं संतपद, दोन्ही एकाच माणसाला.

त्याहून गंमत, किंवा गंमत नव्हे : १५३२ मध्ये त्याने लिहिलंय की आताच्या दिवसांत कोणी इरॅस्मसचं ते मूर्खपणावरचं पुस्तक किंवा माझी स्वतःची काही पुस्तकं इंग्रजीत आणली, तर लोकांचं नुकसान होण्यापेक्षा ती मी माझ्या हाताने जाळायला मदत करीन. थट्टा लॅटिनमध्ये होती तोवर घरातली होती. बाजारात गेली की लोक ती खरी मानतील, याची त्याला धास्ती. इंग्रजी भाषांतर झालं १५५१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

आणि आपण इथे बसून थापाडे-मोरू करतोय!

तिसरी घंटा

म्हणजे प्रेक्षक बदलला की नाटक बदलतं, हे त्याला कळलं होतं. उशिरा कळलं.

कोरडवाहू

वाचनमात्र होतो, पण पुलाचा विषय कोणी काढेना म्हणून लॉगिन केलं. मी स्थापत्य अभियंता, आयुष्य पुलांत गेलं, आता निवृत्त.

पुस्तकाच्या आधी मोरने पीटर गाइल्सला लिहिलेलं पत्र छापलंय. त्यात तो काळजीत आहे. अंधुकनगरचा निर्जलेवरचा पूल पाचशे पावलं लांब, असं मी लिहिलंय. पण आमच्याबरोबरचा जॉन क्लेमंट म्हणतो, दोनशे कमी करा, नदी तिथे तीनशेच्या वर रुंद नाही. तर कृपा करून राफाएलला विचारून कळवा. पुस्तकात खोटं राहायला नको!

सगळे याला थट्टा म्हणतात. मी हिशोब केला. रोमन पाऊल म्हणजे आपली दोन पावलं, साधारण १.४८ मीटर. पाचशेचे ७४० मीटर, तीनशेचे ४४४. फरक सुमारे ३०० मीटरचा. दोन्ही काठांना दीडदीडशे मीटरचे पोहोचमार्ग धरले तर पूल आणि नदी दोन्हींची मापं बरोबर येतात. पूल दगडी कमानींचा आहे आणि समुद्रापासून सगळ्यात लांबच्या टोकाला बांधलाय, म्हणजे जहाजांना शहराच्या अख्ख्या काठाने अडथळा नको. हे डोकं लावलेलं आहे. क्लेमंटने पात्र मोजलं, थापाड्यांनी पूल मोजला. दोघेही खरे.

माझी अडचण दुसरीच आहे. या नदीत समुद्राची भरती तीस मैल आत येते असं त्याच पानावर लिहिलंय. नदीचं नाव निर्जला. मग पूररेषा कशाच्या आधारावर आखली?

पानपुडी

कोरडवाहूकाका, साष्टांग. पूररेषेचं थापाड्यांनाच विचारलं असतं. पण बेट नेमकं कुठे आहे ते बुवा सांगत होते तेव्हाच मोरूच्या कानाशी नोकर काहीतरी कुजबुजला. पीटर गाइल्स पुस्तकाला जोडलेल्या आपल्या पत्रात लिहितो की मी कान देऊन ऐकत होतो, पण जहाजावर सर्दी झालेला एक जण तेवढ्यात मोठ्याने खोकला.